वांग्याच्या दोन सऱ्या

कार्तिक, १९८४. रविवार सकाळ. पळसदरी, अनसूयाकाकूंची पडवी. हजर: काकू, त्यांचे यजमान महादूकाका (दाराशी, चपला घालूनच) आणि लिहून घेणारी मी.

काकू सांगतात: माझं माहेर खालापूरकडचं, भातवाल्यांचं. लग्न होऊन इथं आले, भात कापल्यावर विहिरीकाठी वांगी लावायची हे सासूकडनं शिकले, ती आजवर लावतेच हाय. पण काय सांगू तुमाला, चार-पाच वर्षं झाली, झाड वीतभर वाढतं नि पिवळं पडतं. उपटलं तर मुळांना नुसत्या गाठी, मणी ओवल्यासारख्या. गेल्या कार्तिकात तालुक्याचे शेतीसाहेब आले, म्हणाले काकू, मातीत डोळ्यांना न दिसणारे किडे हायत, सूत्रकृमी, ते मुळात शिरतात. त्यांनी डबा दिला, समुद्रातल्या शेवाळाचा अर्क. पाण्यात मिसळून दोन सऱ्यांना मुळाशी ओता, दोन सऱ्या तशाच ठेवा, नि मग दोन दिवस पाणी अजिबात देऊ नका.

मी मोजून ओतलं. माघात साहेबांनी चारी सऱ्यांतली झाडं उपटून बघितली, सगळीकडं गाठीच गाठी. वहीत लिहिलं, गुण नाही. गावात माझं हसं, काय गं अनसूये, वांग्याला दर्या पाजतेस काय.

मग होळीला हे हळूच सांगतात, अगं, त्याच दिवशी मी इंजन लावून त्या दोन सऱ्या धुऊन काढल्या. का हो? तर म्हणे दर्यातनं आलेलं, खारंच असणार. यांचं आजोळ खाडीकाठी, बांध फुटून खारं पाणी शिरलं नि भात जळालं, ते यांनी लहानपणी बघितलेलं. म्हणून धुतलं! तीनदा! मला एका शब्दानं विचारलं नाय. बरं, साहेबांसमोर गप का बसलात? तर म्हणे, तू चिडली असतीस. मग आता काय ओवाळू?

साहेबांना सांगितलं, परत डबा द्या. ते म्हणतात, वहीत गुण नाही लिहिलंय, यजमानांनी खरं काय ते लिहून दिलं तर बघतो. तुमी कागद लिहिलात, देव तुमचं भलं करो. रोपं लावणीला आलीत, याच आठवड्यात कागद गेला पायजे. हे बघा, शाईचं पॅड उघडून ठेवलंय, नुसता यांचा आंगठा राहिलाय. अहो! आत्ता तर दाराशी होते. कुठं गेले?

बघा. रोपांना पाणी घालतायत.