मालूकाकीची गादी

आम्ही मूळचे कुडाळकडचे, पण मी जन्मले विक्रोळीच्या चाळीत. बाबा गिरणीत, पुढे संप झाला आणि घरीच बसले, आई पापड लाटायची, आणि मी ही अशी लंबूटांग, दिसेल त्यावरून उडी मारणारी, वाळत घातलेल्या साड्यांवरूनसुद्धा, मार खायची पण थांबायची नाही. शाळेच्या सरांनी ते बघितलं आणि मला उंच उडीला घातलं.

काय सांगू तुम्हाला, तेव्हा आम्ही सगळ्या पोरी पायांवर पडायचो, कारण खाली वाळू. आणि परदेशातल्या पोरी आडव्या काठीकडे पाठ करून उलट्या जायच्या. सर म्हणाले, उलटी उडी शिकलीस तर भारताच्या संघात जाशील, नाहीतर जिल्ह्यातच म्हातारी होशील. अहो, पण वाळूत पाठीवर पडायचं म्हणजे कंबरेची वाटच लागली ना! मग चाळ पुढे आली. रविवारी सकाळी सगळे आपापल्या गाद्या डोक्यावर घेऊन मैदानात, एकावर एक रचायच्या, दोरखंडाने बांधायच्या, आणि दुपारच्या झोपेआधी ज्याची त्याला परत.

गाद्या आल्या, पण माझी छातीच होईना. आडव्या काठीपर्यंत धावायची आणि थांबायची, मागचं काही दिसतच नाही तर पडायचं कुठे? निवड चाचणी तोंडावर, सर वैतागले, म्हणाले राहू दे, तुला नाही जमणार. मी तिथेच रडत बसले. तर शेजारची मालूकाकी, जिचं आईशी नळावर रोजचं वाजायचं, ती तरातरा घरी गेली आणि लेकीच्या लग्नात द्यायची कोरी गादी घेऊन आली, पांढरीशुभ्र खोळ, अजून कुणी अंग टेकलेलं नाही. आई ओरडली, अगो मालू, लग्नाची ना ती, मळात, डाग पडतले! काकी म्हणाली, मळांदे, खोळ धुवक येता, चेडवाची कंबर नाय. चेडू म्हणजे आमच्याकडे पोरगी. गादी सगळ्यात वर टाकली, बाजूला उभी राहिली आणि म्हणाली, पड गो बाय, खाली गादी आसा.

आणि मी पडले. काठी जागच्या जागी! चाळीने असा गलका केला की विचारू नका. खोळीवर माझ्या पाठीचा लाल मातीचा डाग राहिला तो राहिलाच, लेकीच्या सासरी तशीच गेली ती गादी.

मग निवड झाली, भारत लिहिलेला शर्ट घालून देशोदेशी उडाले. पदकं थोडी मिळाली, थोडी हुकली. पण प्रत्येक उडीआधी कानात तेच, पड गो बाय.

आता काकीची लेक लांब, म्हणून काकी माझ्याकडे भांडुपला असते. खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून पलंगावर पाठ टेकायला घाबरते, मागे हात नेऊन चाचपडत राहते. खूप माया येते हो बघून. मी जवळ उभी राहते, खांदा धरते आणि सांगते, पड गो बाय, खाली गादी आसा. ती म्हणते, मळात गो. आणि हसत हसत पाठ टेकते.