माझा दिवा जाऊबाईंच्या हाती

माननीय अध्यक्षीणबाई, व्यासपीठावरचे डॉक्टरसाहेब, आज ज्यांना निरोप द्यायचा त्या माझ्या थोरल्या जाऊबाई, आणि आपल्या इमारतीतल्या समस्त भगिनी व बंधूंनो,

खजिनदार म्हणून आधी हिशेब सांगते. जाऊबाईंना भेट म्हणून चाकांची बॅग आली, एकवीसशेची अठराशेला. गुच्छ दीडशेचा, उद्या सुकेल, मी नको म्हटलं होतं. असो.

जाऊबाई लेकीकडे कायमच्या चालल्या. सर्वांनी कौतुक केलं. मला मात्र त्यांचा हेवा वाटतो. देवाला ठाऊक आहे, मग तुमच्यापासून काय लपवायचं?

आम्ही दोघी एका मापाच्या. बाकावर बसलो की तिसरीला जागा नाही. दोघींना मधुमेह, दोघींना धाप. दीड वर्षापूर्वी त्यांनी पोट लहान करायची शस्त्रक्रिया करून घेतली. वजन उतरलं, गोळ्या कमी झाल्या, तेवढं मी सोसलं. मग हृदयाची तपासणी झाली. डॉक्टरसाहेब म्हणाले, "यांचं आखडलेलं हृदय सैल पडलंय, आता नीट भरतं." आणि माझ्याकडे वळून, "तुमचं मात्र आखडत चाललंय."

आपल्या वरच्या मजल्यावरच्या प्रार्थनेच्या खोलीत संध्याकाळचा दिवा लग्न होऊन आल्यापासून मी लावायची. गेल्या वर्षी दुसऱ्या जिन्यातच श्वास संपला. पायरीवर टेकले, तोच खालून जाऊबाई तुरुतुरु आल्या.

"काय गं, बसलीस? आण ती वात इकडे."

"राहू द्या. चढते मी."

"चढ की मग!"

मला उठवेना. त्या दिवा लावून आल्या नि म्हणतात, "तुझ्या देवाला सांगितलं हो, खाली दम खात बसलीये म्हणून!"

ज्या बाईनं कधी धड हात जोडले नाहीत, तिनं वर्षभर माझा दिवा लावला! तेलही ओततात सांडेस्तोवर. मी पायरीवर बसून त्यांची पावलं ऐकायची आणि जळायची. भक्ती माझी नि दर्शन त्यांना? हा कुठला न्याय?

परवा अध्यक्षीणबाईंनी ठरवलं, आता दिव्याचं काम स्वतःच्या सूनबाईंना द्यायचं. म्हणजे आणखी एक बाई माझ्या अंगावरून जिना चढणार! डॉक्टरसाहेब, तुम्ही समजावलंत तेव्हा मी देवानं दिलेलं पोट कसं कापू म्हणाले. खरं तर मला भूल घ्यायची भीती वाटते. आज सर्वांसमक्ष सांगते, माझं नाव लिहून घ्या. माझंही हृदय सुधारेलच अशी हमी नाही म्हणालात, नसू दे. त्या टेबलावर मी हेव्यानंच चढणार आहे. सूनबाईंनी दिवा तोवर लावावा. तोवरच.

अध्यक्षीणबाईंनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, उपकार झाले. मॅट्रिक झालेल्या बाईचं बोलणं. कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या.

आणि जाऊबाई, शुद्धीवर येताना समोर तुम्हीच हव्यात. तुम्हाला धडधाकट उभं पाहिलं की माझा जळफळाट होतो आणि उठावंसं वाटतं. शस्त्रक्रियेची तारीख पत्रानं कळवीन. येता की नाही, ते उलट टपाली कळवा.