सोड्याचं पाणी

अण्णा : आधी तो मोबाईल खाली ठेव. मंग बोल.

प्रियदर्शनी : अण्णा, एकच फोटो काढते. तुम्ही काच धुतलीत की तिच्यावरच्या बाईचं काहीच उरणार नाही.

अण्णा : त्याच्यासाठीच तर धुऊन राह्यलो. गरम पाणी घाल इकडं. सोडा जास्त पडला वाटतं, बोटं चुरचुरायलीत.

प्रियदर्शनी : शंभर वर्षांपूर्वी जालन्यात असा स्टुडिओ होता, हे कुणाला खरं वाटणार नाही. तुमच्या आजोबांचा. तेव्हा फोटो आधी काचेवर उतरायचा, मग कागदावर. पुढच्या दाराला लग्नाचे फोटो, मागच्या दाराला उघड्या बायांचे. जहागीरदारांसाठी, रेल्वेच्या गोऱ्या साहेबांसाठी. मी कॉलेजात इतिहास शिकवते, आणि माझ्या घरातला इतिहास तुम्ही बादलीत धुता.

अण्णा : तुझा इतिहास अन् त्या बायांची अब्रू.

प्रियदर्शनी : त्या बाया कधीच गेल्या.

अण्णा : म्हणून काय झालं? दुष्काळात आल्त्या बिचाऱ्या, कोणी कुंभार पिंपळगावकडच्या, कोणी कुठल्या. आजोबानं जबान दिल्ती, साहेबाला फोटो गेला की काच धुऊन टाकीन. न्हाई धुतली. पेट्या भरून ठेवल्या. तो वारल्यावर माझ्या वडलांना सापडल्या. तवापासून धुणं चालू हाये.

प्रियदर्शनी : फोडून टाकायच्या होत्या एकदाच्या.

अण्णा : फोडली तर चेहरा तुकड्यावर राहतो. अन् एवढी बेस काच फोडायची? धुतली की फ्रेमला चालती.

प्रियदर्शनी : म्हणजे वडीगोद्रीपासून जांबपर्यंत आपण ज्यांना ज्यांना फ्रेमा करून दिल्या...

अण्णा : सगळ्यांचे देव ह्या बायांच्या आड बसलेत. हस, हस. मारुतीची तसबीर नेली त्या ब्रह्मचारी महाराजांना सांगू नको फक्त.

प्रियदर्शनी : मग सगळ्या एकदम का नाही धुतल्या?

अण्णा : धुऊन ठेवायच्या कुठं? गिऱ्हाईक आलं की एक धुवायची, त्याच दिवशी तिला घर पाहून द्यायचं. ज्यांना कोणी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं, त्यांच्यावर आता हार चढतो.

प्रियदर्शनी : ही झाली की पेटीत एकच उरेल. ती मला द्या.

अण्णा : ती मालनबाईच्या वारलेल्या मालकाच्या फोटोला लागंल. उद्या करतो. आज पाठ भरून आली.

प्रियदर्शनी : तुम्हाला शिकलेल्या पोरीचं ऐकायचंच नसतं.

अण्णा : ऐकतो ना. करत न्हाई. हे बघ, फोटोची साय सुटली. दुधावर येती तशी. आता हळूच बोटानं...

प्रियदर्शनी : मला नाही बघायचं. निघते मी, बस चुकेल.

अण्णा : दर्शनी, आगं डब्बा तरी घेऊन जा!

(दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा उठलेच नाहीत. तेरवी झाल्यानंतर, काचा धुवायचं तेच अंगण. प्रियदर्शनी आणि तिचा धाकटा भाऊ हरिओम.)

हरिओम : ताई, फोन उचल ना. संग्रहालयवाले साहेब हायेत. तूच बोलावलं ना त्यांना?

प्रियदर्शनी : वाजू दे.

हरिओम : गाडी घेऊन निघाले असतील. म्हणले, ती काच द्या, अण्णांच्या नावाची पाटी लावू. स्टुडिओचा पूर्ण इतिहास ताईनंच लिहायचा. अजून काय पायजे तुला? अन् हा सोडा कशाला काढला?

प्रियदर्शनी : मालनबाई दोनदा येऊन गेल्या.

हरिओम : त्यांना बाजारातली नवी काच बसवून देतो मी, आत्ता, जल्दी. पागल झाली का तू? ह्याच काचेसाठी बापासंग भांडून गेल्ती!

प्रियदर्शनी : हो.

हरिओम : मंग?

प्रियदर्शनी : काल काढली पेटीतून. उजेडात धरली. अण्णांनी कधी नीट बघू दिली नव्हती.

हरिओम : ...कशी हाये?

प्रियदर्शनी : बाजेवर बसलीय. अंगावर काही नाही. लुगडं बाजूला पडलंय, त्याचा पदर ओढून तोंड तेवढं झाकलंय.

हरिओम : तोंड झाकलंय ना? मंग तर झालंच. कोण ओळखणार तिला? देऊन टाकू बिनधास्त.

प्रियदर्शनी : झाकलंय, म्हणजे तिला नको होतं, हरी.

हरिओम : शंभर वर्षं झाली त्याला.

प्रियदर्शनी : काचेवर सगळं उलटं दिसतं. काळं ते पांढरं. केस मोकळे आहेत तिचे, आणि पार पांढरे. अंग तरणं, केस म्हातारीचे. पेटीत बसून कुणाची तरी वाट बघत पिकल्यासारखे. मला रात्रभर झोप नाही.

हरिओम : मोबाईलवर तरी काढून ठेव एक.

प्रियदर्शनी : नको.

हरिओम : अन् तुझं पुस्तक?

प्रियदर्शनी : चित्राशिवाय लिहीन. साहेबांना परत फिरायला सांग. पाणी ओत. हळू, तडकेल.

हरिओम : तुझं काही कळत न्हाई बुवा. बरं, मंग अण्णांच्या फोटोची काच काढू अन् तिथं ही लावू.

प्रियदर्शनी : नाही. ही मालनबाईंची. अण्णांनी गिऱ्हाइकाचं काम कधी मागं ठेवलं नाही.

हरिओम : सुटायलीय बघ कडेनं... ताई? ओठ हलून राह्यलेत तुझे. कोणाशी बोलायलीस?

प्रियदर्शनी : अण्णांशी.

हरिओम : मंग मोठ्यानं बोल. मलाबी ऐकू दे.

प्रियदर्शनी : अण्णा, मला अजूनही पटलेलं नाही. पण इतकी पुस्तकं वाचली, तुमच्याइतकं भलं माणूस कुठं भेटलं नाही.