मोहाखालचा पाला

चामोर्शीच्या बाजाराला निघालेल्या बसमध्ये माझ्या मागे दोघी मोहफुलांच्या टोपलीवरून भांडत होत्या. मी मान वळवली नाही. वळवली की बायका गोड बोलायला लागतात.

“आशाबाई, फुलं माह्या झाडाची, मंग टोपली तुह्या मांडीवर काऊन?”

“झाडाखालचा पाला झाडून लोटला कोनं? जो लोटते, तोच वेचते. गावची रीत हाय, ललिता.”

“पन तुह्यं झाड सोडून माह्याच झाडाखाली काऊन लोटलं?”

“अंधारात चुकलं.”

“रोज?”

“तुह्यी फुलं लय गोड हायत, मी काय करू? उद्या बी मीच वेचीन.”

“कशी वेचते? बसमध्ये बसाच्या आधीच मी तिथी पाला लोटून आली.”

“अगं बाई! मंग माह्या झाडाखाली?”

“तिथी बी.”

“दोन्हीकडे! मंग उद्या मी काय करू?”

“माह्यी टोपली धर. तुले आता सवय झाली.”