चर्चबाहेरचे बूट

१९८६च्या उन्हाळ्यात न्यू मेक्सिकोतल्या एका दिवसाच्या सहलीत छत्रीसारखे खडक बघून झाले आणि बस गुहेत कोरलेल्या चर्चपाशी थांबली. "फक्त दहा मिनिटं," गाइडने बजावलं. जगन्नाथ दारापाशी पोचले, तर पुढचं वयस्कर जोडपं मराठीत भांडत होतं.

"अहो, बूट काढा आधी. देवाच्या दारात उभे आहात."

"सुनेत्रा, इथे सगळे बूट घालूनच आत जातात."

"जाऊ देत. मी नाही जाणार."

"बरं, हे काढले. चल."

"आणि कुणी उचलून नेले म्हणजे? आपल्या विनयने परवाच घेऊन दिलेत. तुम्ही जाऊन या, मी इथे बसते."

"दहा मिनिटांत दोघांचं कसं होणार? तूच जा."

"एकटी नाही जायची मी. खांबसुद्धा खडकातच कोरलेत म्हणे."

"मग चल की!"

"अहो, पण बूट?"

जगन्नाथ पायरीवर टेकले. "बूट मी बघतो. तुम्ही दोघं जा."

"अय्या, तुम्ही मराठी! पण तुमचं बघायचं राहील की."

"राहू दे. बायको होती तोवर कुठेही गेलो की घरी येऊन तिला सांगायचो. या वेळी तुम्ही बघून या आणि मला सांगा."