मशीनच्या पोटात वाजलेला फोन

रुग्णालयाच्या तळमजल्यावरील चार्जर भाड्याने देणारे मशीन आज दुपारी सव्वातीन वाजता कुलूपबंद असून त्यावर एकही ओरखडा नाही, याची खात्री ठाण्याच्या हवालदारांनी बॅटरी मारून, वाकून, मागच्या बाजूनेसुद्धा पाहून केलेली आहे. तेच मशीन आज सकाळी अकरा वाजून नऊ मिनिटांनी उघडले गेले होते. ते मी उघडले.

मी किल्लीवाला मास्तर, वय ५६ वर्षे, धंदा किल्ल्या करणे व कुलूप दुरुस्ती, राहणार रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत, दुकानाच्या माळ्यावर. माझे पूर्ण नाव माझ्या नोंदणी कार्डावर आहे आणि ते कार्ड आज दुपारपासून आपल्याच टेबलाच्या खणात आहे. समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

सदर कार्ड मला याच ठाण्याने दिलेले असून गेली बावीस वर्षे मी ते दर वर्षी नवे करून घेतले आहे. कार्डाच्या मागे पहिलाच नियम छापला आहे, की मालकाच्या परवानगीशिवाय कोणतेही कुलूप उघडणार नाही. हा नियम मी मोडला, अशी मशीनवाल्या कंपनीची तक्रार आहे. कार्ड गेले तर माझा धंदा गेला. स्वतःच्या दाराबाहेर अडकलेला माणूस कितीही घाईत असला तरी आधी "कार्ड दाखवा" म्हणतो, आणि त्याने तसे म्हणणेच बरोबर आहे. कार्ड नसलेल्या किल्लीवाल्याला वेगळा शब्द आहे. तो आपल्याला माहीत आहे.

सदर मशीन सात महिन्यांपूर्वी रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात बसवण्यात आले. उंचीने कमरेएवढे, रंग हिरवा, आठ खण. प्रत्येक खणात एक पॉवर बँक असते. फोनवर कंपनीचे अ‍ॅप घ्यायचे, मशीनवरचा कोड स्कॅन करायचा, की एक पॉवर बँक बाहेर येते. काम झाले की ती परत खणात सरकवायची. मशीनवर मोठ्या अक्षरांत "बॅटरीची चिंता आता आमची" असे लिहिलेले आहे. ती चिंता कंपनीने नेमकी कुठे ठेवली आहे हे मला सात महिन्यांत आढळून आले नाही.

माझे दुकान रुग्णालयाच्या फाटकाला लागून असल्याने मशीनचे गिऱ्हाईक चिडले की माझ्याकडे येते. पहिले गृहस्थ आले ते बंद पडलेला फोन हातात घेऊन. त्यांचे म्हणणे असे, की फोन बंद आहे म्हणून चार्जर हवा, आणि चार्जर हवा तर फोन चालू पाहिजे. "मास्तर, फोन चालू असता तर मी या डबड्यापुढे उभा कशाला राहिलो असतो?" असे त्यांनी मला विचारले. शेवटी एका भल्या माणसाने आपल्या फोनवरून त्यांना पॉवर बँक काढून दिली. गृहस्थ ती घेऊन घरी गेले आणि त्या भल्या माणसाला पुढे चार दिवस "आपले भाडे चालू आहे" असे निरोप दर तासाला येत राहिले. तो भला माणूस आता प्रतीक्षागृहात कोणाशी बोलत नाही.

त्यानंतर वॉर्डातील एक नर्सताई आल्या. त्यांना पॉवर बँक परत करायची होती, परंतु आठही खण भरलेले होते. अ‍ॅपने त्यांना सर्वांत जवळचा रिकामा खण दाखवला तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, फर्निचरच्या दुकानात. रजेच्या दिवशी त्या तिथे गेल्या. दुकान होते, मशीन नव्हते. सहा दिवस ती पॉवर बँक त्यांच्या डब्याच्या पिशवीत होती. "काका, लग्नाआधी नवऱ्यानेसुद्धा इतकी पाठ धरली नव्हती हो माझी," असे त्या म्हणाल्या. आणि येणारा प्रत्येक जण म्हणतो तसे पुढे, "उघडा ना तेवढं. एक आत टाकते आणि सुटते."

असे अकरा जण आले. कोणी हात जोडले, कोणी आवाज चढवला, एकाने मला भित्रा म्हटले. अकराही जणांना मी एकच सांगितले, की मालकाची परवानगी आणा. मालक कोण हे कोणालाच सापडले नाही. मशीनवर मदतीचा एक नंबर आहे. तो लावला की आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे असे एक बाई सांगतात, मग संगीत लागते, आणि गिऱ्हाइकाची उरलीसुरली बॅटरी त्या संगीतात संपते.

आज सकाळी साडेदहा वाजता मी रुग्णालयात होतो तो औषधाच्या खिडकीतील गल्ल्याचे कुलूप बदलण्यासाठी. त्याबाबत व्यवस्थापकांची सहीची चिठ्ठी माझ्याकडे आहे व ती सोबत जोडली आहे. काम आटोपून हत्यारे पिशवीत भरत असताना प्रतीक्षागृहातील एका मावशींनी मला विचारले, "अहो, हे किती वेळात देतं परत?"

मी विचारले, "काय दिलंत त्याला?"

"फोन. चार्ज करायला."

मावशी वयाने साठीच्या आसपास, घरी शिलाईकाम करतात. बस चालवून निवृत्त झालेल्या त्यांच्या यजमानांना सव्वानऊ वाजता वर ऑपरेशनला नेले होते. मावशींनी पॉवर बँक काढण्याऐवजी आपला फोनच मशीनच्या रिकाम्या खणात सरकवला होता. खण टक्कन बंद झाला आणि पडद्यावर "परत केल्याबद्दल धन्यवाद! आपला अनुभव कसा होता?" असे येऊन खाली पाच तारे आले.

दारावरचा सुरक्षारक्षक म्हणाला, "मावशी, फोन आत घालायचा नसतो. त्यातून काढायचं असतं."

मावशी म्हणाल्या, "मग बाण आत का काढलाय?"

मी बाण पाहिला. फोनचे चित्र आहे, खणाचे चित्र आहे आणि बाण आत जातो. मावशींची चूक मला दिसली नाही. हे माझे मत आहे, ते लिहावे अथवा लिहू नये.

त्यानंतर मावशींनी सांगितले, की ऑपरेशन चालू असताना डॉक्टरांना काही विचारायचे झाल्यास त्याच फोनवर फोन येणार आहे. "उचला, आणि वर येऊ नका," असे त्यांना बजावले होते. फोनची बॅटरी एका रेघेवर आली होती म्हणून त्या मशीनकडे गेल्या. मावशींना वर जाऊन थांबता येईल का, असे मी सुरक्षारक्षकाला विचारले. तो म्हणाला, "सोडतो की. पास दाखवा." पास फोनवर आला होता.

सुरक्षारक्षक माणूस वाईट नाही. त्यानेच स्वतःच्या फोनवरून कंपनीचा मदतीचा नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. संगीत झाल्यावर एक मुलगा बोलला. फार गोड बोलला. त्याचे व मावशींचे बोलणे मी ऐकले ते असे.

"मॅडम, आपल्या नंबरवर एक ओटीपी पाठवलाय. तेवढा सांगता का?"

मशीनमध्ये टिंग असा आवाज झाला.

"बाळा, तो फोन तुझ्या मशीनमध्ये आहे."

"हो मॅडम, मी समजू शकतो. तर त्यावरचा ओटीपी बघून सांगा."

"अरे, आत आहे तो. आत!"

"काही हरकत नाही मॅडम. मी पुन्हा पाठवतो."

मशीनमध्ये पुन्हा टिंग झाले. प्रतीक्षागृहात कोणीतरी हसले. मीही हसलो असेन. मी त्या मुलाला मध्येच विचारले, की मशीनचा मालक कोण, मी नोंदणी असलेला किल्लीवाला आहे, तोंडी परवानगी दिली तरी चालेल. तो म्हणाला, "सर, परवानगी द्यायचा पर्याय माझ्याकडे दिसत नाहीये." तंत्रज्ञ अठ्ठेचाळीस तासांत येईल, असे सांगून त्याने आणखी काही सेवा हवी आहे का म्हणून विचारले आणि फोन ठेवला.

अकरा वाजून तीन मिनिटांनी मशीनमध्ये फोन वाजू लागला. पूर्ण वाजला आणि थांबला. मशीनच्या पत्र्यामुळे आवाज लांबून आल्यासारखा येत होता. त्यानंतर कोणी हसले नाही.

स्वागतकक्षातील बाईंनी लगेच वरचा नंबर लावला. तीन वेळा लावला. तो व्यस्त होता, कारण वरचे लोक मावशींना फोन लावत होते.

दुसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा मावशी मशीनजवळ जाऊन उभ्या राहिल्या व त्यांनी मशीनच्या डोक्यावर हात ठेवला. "आले, आले," एवढेच म्हणाल्या. फोन थांबला.

तिसऱ्यांदा वाजू लागला तेव्हा अकरा वाजून नऊ मिनिटे झाली होती. मी मशीनच्या मागच्या बाजूस गेलो व कुलूप उघडले.

याबाबत स्पष्ट लिहावे, की उघडा असे मला मावशींनी म्हटले नव्हते. रक्षकाने म्हटले नव्हते. कोणीही म्हटले नव्हते. अकरा जणांनी म्हटले तेव्हा मी उघडले नाही.

कुलूप उघडण्यास आठ सेकंद लागले. कंपनीने तक्रारीत त्याला "अत्याधुनिक सुरक्षा कवच" म्हटले आहे. टपालपेटीला लावतात ते हे कुलूप. माझ्या दुकानात असली कुलपे बरणीत पडलेली असतात. तोडफोड झाली असे तक्रारीत लिहिले आहे, ते मला मान्य नाही. कुलूप तोडायला किल्लीवाला लागत नाही.

फोन मी मावशींच्या हातात दिला. मी जवळ असल्याने बोलणे कानावर पडले. एका बाजूचे मूत्रपिंड वाचवता येणार नाही, काढायचे का, हो की नाही, असे डॉक्टरांनी विचारले. मावशी म्हणाल्या, "काढा. माणूस तेवढा ठेवा." त्यानंतर फोन बंद पडला. इतका वेळ मशीनमध्ये राहूनही त्यात बॅटरीची काडीइतकी भर पडलेली नव्हती.

मी मशीन पुन्हा बंद केले, कुलूप लावले, ओढून पाहिले. सात खणांत पॉवर बँका होत्या, आठवा रिकामा होता, तसाच आहे. मग मी औषधाच्या खिडकीवर जाऊन गल्ल्याची नवी किल्ली दिली आणि दुकानात आलो. मशीनने चोरीचा इशारा कंपनीला दोन मिनिटांत दिला व कंपनीने ठाण्याला वीस मिनिटांत. या कामात कंपनीची सेवा तत्पर आहे, हे मी मान्य करतो.

दुपारी मला ठाण्यात बोलावून कार्ड जमा करण्यास सांगण्यात आले. बायकोला ही गोष्ट कळवली असता ती म्हणाली, "अकरा लोकांना नियम शिकवलात, बाराव्याला विसरलात?" मी कुठल्या वेळी उघडले आणि का, ते तिला सांगितले. त्यानंतर तिने डबा पाठवला. डब्यात दोघांचे जेवण होते. दुसरे हवालदारांनी घेतले.

उपनिरीक्षक साहेबांनी मला चांगल्या मनाने विचारले, "मास्तर, कुलूप आधीच ढिलं होतं असं म्हणायला काय जातं? कागद इथेच मिटतो." त्यावर माझे म्हणणे असे, की कुलूप ढिले नव्हते. हलके होते, पण नीट लागलेले होते. कार्ड वाचवण्यासाठी कुलपाबद्दल खोटे लिहून दिले, तर ते कार्ड उद्या कोणाच्या दारात कोणत्या तोंडाने दाखवू? मी उघडले. परवानगी मागितली, मिळाली नाही, तरी उघडले. पुन्हा तसाच फोन वाजला तर काय कराल, असे साहेबांनी विचारले. त्याचे उत्तर मी दिले आहे. ते जबाबात घेऊ नये असे साहेबांनी सांगितले.

मावशींचे यजमान अद्याप अतिदक्षता विभागात आहेत. मावशी चार वाजता ठाण्यात येऊन गेल्या. त्यांचा जबाब वेगळा घेतला आहे.

आता पुढे असे आहे. मशीनमधील पॉवर बँकांचे नंबर आतल्या बाजूस असल्याने पंचनाम्यासाठी मशीन उघडणे आवश्यक आहे. कंपनीच्या अधिकाऱ्याने फोनवर कळवले, की किल्ली अशी कंपनीकडे नाही, मशीन अ‍ॅपवरून उघडते, आणि चोरीचा इशारा मिळाला की अ‍ॅप सुरक्षेसाठी आपोआप बंद होते. तरी ठाण्याने आपल्याकडील नोंदणी असलेला किल्लीवाला द्यावा, असे त्याचे म्हणणे आहे. ठाण्याच्या यादीत दोन नावे आहेत. एकाने धंदा सोडून रंगकाम धरले आहे. दुसरा मी.

पंचनामा उद्या सकाळी अकरा वाजता आहे. मी साडेदहालाच हत्यारे घेऊन येईन. कार्ड माझ्या हातात आणि कंपनीची सहीची परवानगी खिशात असल्याशिवाय मी कुलपाला हात लावणार नाही. तोपर्यंत कंपनीचे अधिकारी, दोन पंच आणि साहेब यांच्यासोबत मशीनसमोर उभा राहीन. कार्डाबद्दल साहेब आज संध्याकाळी ठरवणार आहेत.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. "भित्रा" हा शब्द गाळायचा का, असे त्यांनी विचारले. राहू द्या म्हटले. बाकी मजकूर मी बोललो तसाच उतरला असून बरोबर आहे, म्हणून खाली सही करतो.