एई बास हाशपाताल जाबे?

बसच्या रांगेत माझ्यामागे काका-काकू उभे होते. मी अर्थातच कान टवकारले.

"‘एई बास हाशपाताल जाबे?’ म्हणजे ही बस हॉस्पिटलला जाईल का? पाठ झालं बघ!"

"वा! आणि कंडक्टरचं बंगाली उत्तर कळेल?"

"चेहऱ्यावरून कळतं गं. तुला रजा नाही, तर लेकीच्या बाळंतपणाला मी एकटा जातो."

"जन्मात कधी मराठीत तरी कुणाला रस्ता विचारलात? पुतण्याच्या लग्नाला जेवणं उरकल्यावर पोचलो आपण."

"तेव्हा पत्ताच चुकीचा होता."

"हो ना, बिचारा पत्ताच नेहमी चुकतो!"

"बस आली. हीच का गं आपली?"

"ड्रायव्हरला विचारा की. मराठीतच."

"थांब, पाटी वाचतो."

बस निघून गेली.

"हीच होती. उद्याच रजा टाकते. लेकीला कळवा, आई येतेय."